माझं मत विकाऊ नाही

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी आमच्या नगरपंचायतीच्या नीतिमत्ता समितीचा अध्यक्ष. महिन्याभरापूर्वी स्वीकृत सदस्य झालो काय आणि ही जबाबदारी आली काय! एकानंही विरोध केला नाही. याला दरारा म्हणतात. पुढच्या सोमवारी उपनगराध्यक्षाची निवडणूक. त्याआधी सदस्यांना गाडीत कोंबून सहलीला नेण्याची घाण प्रथा बंद म्हणजे बंद.

३ फेब्रुवारी
रणधीर आणि गुंडप्पा, दोन्ही उमेदवारांना कडक समज दिली. रणधीर पाया पडला. गुंडप्पा म्हणाला, आण्णा, तुमी हाव म्हणून गावात जरा तरी लाज हाय. खरं तेच बोलला.

४ फेब्रुवारी, सकाळी
रणधीरचे सदस्य गायब. फोन बंद. त्यांतल्या भुवनेश्वरीबाईंच्या घरी गेलो. नवरा म्हणाला, ती देवदर्शनाला गेली. कुठल्या देवाच्या, विचारलं. म्हणाला, ते अजून ठरलं न्हाय.

दुपारी
गुंडप्पाचेही गेले. दोघांकडं सारखीच मतं. म्हणजे निकाल माझ्या हातात! आता मला उचलायला येणारच. गाडीच्या दारात, चार लोकांदेखत, खणखणीत नकार द्यायचा. भाषण पाठ केलं.

५ फेब्रुवारी
कुणी आलं नाही. टरकले असतील. बायको, शिवकन्या, विचारत होती, तुमाला न्यायला कुणी येणार हाय का भाकरी टाकू? म्हटलं टाक, पण एखादीच.

६ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. घरात बसून देखरेख होत नसते. गैरप्रकार अध्यक्षानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा. तेव्हा बोलावलं तर जायचं, पण फक्त निरीक्षक म्हणून. बॅग भरली. तिथं स्विमिंग पूल असतो म्हणे. चड्डी ठेवली. पाहणीत कसूर नको.

७ फेब्रुवारी, शनिवार
फाट्यावर सहज उभा होतो. बॅग होती, तीही सहजच. समोरून गुंडप्पाची ट्रॅव्हलर आली, थांबली. आत त्याचे सगळे सदस्य, एक सीट रिकामी. भाषणाची पहिली ओळ ओठावर आली. गुंडप्पानं काच खाली केली आणि विचारलं, काय आण्णा, यष्टी चुकली का? उमरग्याला जाताव तर सोडतो की.
बाणेदारपणे नको म्हणालो. गाडी गेली. लई वाईट वाटलं. साधा आग्रहसुद्धा केला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
सभेला सगळे हजर, उन्हानं रापलेले, नवे गॉगल लावून. मतदान सुरू झालं. मी उभा राहिलो, माझं मत विकाऊ नाही असं ठणकावलं आणि हात वर केला. मुख्याधिकारी शरणबसप्पा कानाशी येऊन म्हणाले, साहेब, हात खाली घ्या, स्वीकृत सदस्याला मतदानाचा अधिकार नसतो.
सभागृह हसलं. हसू दे. गुंडप्पाचा एक माणूस फुटला आणि रणधीर निवडून आला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आण्णा, म्हणून तर समिती तुमाला दिली. ज्याला मत हाय, त्याला हे काम कसं परवडंल?

संध्याकाळी
मी खचलेलो नाही. समिती सोडणार नाही. शिवकन्येला ठासून सांगितलं, अख्ख्या नगरपंचायतीत मी एकटाच असा, की ज्याला कुणी विकत घेऊ शकलं नाही.
ती म्हणाली, घ्यायला आलं व्हतं कोण?