खर्जाच्या चाळीस नळ्या

उम्म अल कुवैन, यू.ए.ई.
रविवार, दुपार

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या भावजयीचा, म्हणजे शोभनाचा, वाकून नमस्कार. तुमची शुगर आणि स्मिताताईंचे गुडघे ताब्यात असतील असं धरून चालते (नसतील तर मिरजेत डॉक्टर आहेत, मला कळवून उपयोग नाही). पाच वर्षं आमचे नंबर ब्लॉक केलेत, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या शेजारच्या शुभ्राच्या हाती देतेय. चौथी शिकलेय, अक्षर लावून घ्या.

तर ह्यांच्या वर्कशॉपात जत्रेतला ऑर्गन आला. युरोपातला, शंभर वर्षांचा, ट्रकएवढा, पुढे लाकडी बाहुल्या ढोल बडवतात. भोकं पाडलेले पुठ्ठे आत सरकले की त्या भोकांप्रमाणे वारा नळ्यांत शिरतो नि अख्खा बँड वाजतो. ह्यांनी भात्यांचं चामडं बदललं आणि पहिल्यांदा वाजवला तेव्हा मला पोळ्या टाकून ऐकायला बोलावलं. खोटं कशाला सांगू, पोटात वाजला. पण ज्याच्या पार्कात तो उभा राहायचा त्या शेठला पुठ्ठे नकोत, कम्प्युटर हवा. तो अक्रमने बसवला (इलेक्ट्रिशियन, माणूस चांगला, कानाने शून्य). त्यातली गाणी लहान ऑर्गनसाठी केलेली, त्यामुळे खर्जाच्या चाळीस नळ्यांना कामच उरलं नाही. शेठ म्हणे, त्या बंद करा. वर आवाज पार्कभर जावा म्हणून मोठा पंखा लावून वारा वाढवला, तर उरलेल्या नळ्या किंचाळायला लागल्या. शेठ खूश, "खलास, यल्ला, उठाओ!" (झालं, चला, उचला.) चाळीसच्या चाळीस नळ्या ह्यांनीच हाताने बुजवल्या. मी तोंडावर म्हटलं, भाऊजींनी मामंजींच्या पेटीतले खर्जाचे सूर काढून ती हलकी केली तेव्हा त्यांना कसाई म्हणालात, आता तुम्ही कोण? तीन दिवस बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी बोलले तर आवाज बसलेला. मला वाटलं रुसव्याचं नाटक. (दोन महिने मला नाटकच वाटलं, हेही लिहून ठेवते.) घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता टॉर्चएवढं यंत्र गळ्याला टेकवून बोलतात, राग काय नि लाड काय, सगळं एकाच सुरात, डब्यात माशी अडकल्यासारखं. त्यातून पहिलं वाक्य आलं, "शोभे, चहा टाक." माझ्या तोंडून निघून गेलं, "हे पण अक्रमनेच बसवलं वाटतं!" पोट धरून हसले हो. हसण्याला आवाज नव्हता. आपली मिहिका "मम्मी, स्टॉप इट" म्हणून उठून गेली.

तुम्ही यायची गरज नाही. मी आहे, आणि मी पुरते. मोठ्यांना नमस्कार, बाकीच्यांना जे योग्य वाटेल ते सांगा.

तुमची,
शोभना

ता. क. हे पत्र लिहिलेलं ह्यांना माहीत नाही. फोन करून शहाणपणा करू नका.

दुसरा ता. क. ह्यांनी तुम्हाला कसाई म्हटलेला तो लांबलचक व्हॉइस मेसेज तुमच्या मोबाईलमध्ये असणार. तुम्ही काही फेकत नाही, मला ठाऊक आहे. आमच्याकडे ह्यांचा आवाज कुठेच नाही. जुना फोन गेला, लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसती सनई. तो मेसेज मला पाठवा. त्यासाठी ब्लॉक काढावा लागेल, तेवढ्यापुरता काढा, हवं तर परत लावा. पण शिव्या बिव्या कापून हलका करू नका. आहे तसा पाठवा.