रिकामा हात

४ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. आता मध्ये बोलून दाखव.

माझ्या उजव्या हाताची करंगळी गेलं वर्षभर तळहाताकडे वाकत चालली होती, ती आता पुरती वाकली. सुरुवातीला मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. जादूचा लाल चेंडू मुठीत दडवायचा तर करंगळीला कामाला लावावं लागायचं, आता ती आपणहून धरून बसते. पण चेंडू गायब केल्यावर हात उघडून रिकामा दाखवावा लागतो ना! परवा एका वाढदिवसाला मी हात पुढे केला, तर पुढच्या रांगेतली झाडून सगळी पोरं ओरडली, की करंगळीखाली लपवलाय. हात खरंच रिकामा होता गं. बत्तीस वर्षं मी लोकांना फसवतोय आणि त्यांना पटतंय. एकदा खरं दाखवलं तर कोणी विश्वास ठेवेना. घरी येऊन जेवलोसुद्धा नाही.

हात उघडला नाही तर माझा धंदा संपला. तुझ्या औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात, तेव्हा कुणाकडे जाऊ ते कळव. निवड मात्र मीच करणार.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.
तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मध्ये बोलता येईना, म्हणून तुझ्या पत्राच्या समासात बोलून घेतलंय. समास पुरला नाही.

वर्षभर गप्प बसलास? वहिनीला म्हणे सांगितलंस, की करंगळी सरावामुळे तशी राहते. अरे, निदान बायकोला तरी सोड!

आता नीट वाच. गुडघे, कंबर, खांदे, सगळंच करणारा हाडांचा डॉक्टर नको. फक्त हाताचीच ऑपरेशनं करणारा हवा. तळहाताच्या कातडीखालचा पडदा आखडला की बोट असं ओढलं जातं, आणि त्याला लगटून बारीक नसा जातात. तिथे सुरी फिरवणं म्हणजे चेष्टा नाही. आजवर असे हात किती सोडवलेत, नंतर व्यायाम कोण करून घेणार, आणि बोट परत वाकलं तर काय, हे तीन प्रश्न न लाजता विचार.

तुझ्या गावातल्या तिघांचे पत्ते सोबत आहेत. पहिल्याची चिठ्ठी वाचताना वाटतं, मुंगी शाईत पडली आणि जीव घेऊन पळाली. दुसऱ्याचं अक्षर झोकदार, पण अर्ध्या कागदावर नुसती सही. तिसऱ्या एक बाई आहेत. त्यांचं अक्षर इतकं स्वच्छ, की पहिल्यांदा मला चिठ्ठी खोटीच वाटली होती. माझं मत तुला कळलं असेलच, पण तू ऐकशील तर शपथ.

वहिनीला नमस्कार. तुला राग आणि काळजी, दोन्ही.
तुझी,
ठमी

२७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तिघांकडे जाऊन आलो. तुझे तीन प्रश्न पाकिटातच राहिले, कारण मी स्वतःची परीक्षा घेतली. लाल चेंडू सोबत नेला होता.

पहिल्याच्या कानामागून चेंडू काढला. त्याने कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. मग त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, तेही त्याला कळलं नाही. पेन घरी आलंय. तो बाद.

दुसरा काय रसिक माणूस आहे! टाळ्या वाजवल्या, सगळ्या नर्सना बोलावलं, तीनदा करायला लावलं, मुलीच्या वाढदिवसाचं कामही देतो म्हणाला. त्या गडबडीत हात बघायचा राहिला, पण पुढच्या खेपेला बघेल.

तिसरी ती तुझी सुवाच्य बाई. बुटकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी उजवा हात हवेत नाचवला की अख्खं सभागृह तिकडे बघतं. ही माझ्या डाव्या हाताकडे बघत बसली! म्हणाली, की चेंडू डावीकडे आहे, तो खाली ठेवा आणि उजवा पंजा टेबलावर सपाट टेकवा. टेकेना. वर विचारते, उजव्या करंगळीचं काम डाव्या हाताकडे कधीपासून दिलंत. ठमे, हे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नव्हतं! इतका पाणउतारा माझा आजवर कोणी केला नाही. तिची पायरी मी पुन्हा चढणार नाही. दुसऱ्याकडे नक्की केलंय.

प्रकृतीला जप.
दादा

३१ मार्च

दादा,
नमस्कार-बिमस्कार शेवटी.

तुला डॉक्टर हवाय की प्रेक्षक? टाळ्यांनी करंगळी सरळ होणार असती, तर बत्तीस वर्षांत वाकलीच नसती. एका माणसाने तुझा हात नीट बघितला, आणि तू तिच्यावरच रुसून बसलास. धन्य आहे तुझी! परीक्षा तूच घेतलीस, पास कोण झालं तेही तूच लिहिलंस, आणि नापासाला पहिला नंबर दिलास.

एक खरं सांग. हा अपमान आहे की भीती? लहानपणी आईने काटा काढायला सुई घेतली, की तू कपाटामागे जायचास आणि माझा पाय पुढे करायचास. माझ्या पायात काटा नसायचा रे! भीती वाटत असेल तर मी येते, दुकान दोन दिवस बंद ठेवेन. पण हात त्या बाईंनाच दाखवायचा. आणि पहिल्याचं पेन आधी परत कर.

आता नमस्कार.
ठमी

५ एप्रिल

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हो, भीती वाटते. सुरीची फारशी नाही. करंगळी बधिर झाली तर चेंडू कुठे आहे हे मलाच कळणार नाही, याची वाटते. मग मी जादूगार कसला?

काल गेलो बाईंकडे. तुझे तिन्ही प्रश्न विचारले, कागदावरून वाचून. पहिल्या दोहोंची उत्तरं त्यांनी सविस्तर दिली. तिसऱ्याला म्हणाल्या, की बोट पुन्हा वाकू शकतं, खात्री देता येत नाही. खात्री नाही म्हणाल्या आणि का कोण जाणे, माझा जीव भांड्यात पडला. सोळा तारीख ठरलीय. तू ये. कपाटामागे मी जागा करून ठेवत नाही.

पेन परत केलं. त्याला हरवल्याचंही माहीत नव्हतं.

तुझा,
दादा

१० मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर शांत आहे. वहिनी म्हणते, फार शांत आहे. टाके निघून दहा दिवस झाले. व्यायाम करताना मी रोज ओरडतो, आणि वहिनी रोज रेडिओ मोठा करते. करंगळी बधिर नाही. डोळे मिटून चेंडू ओळखला.

काल बाईंनी पंजा टेबलावर ठेवायला सांगितला. ठेवला. पुरता सपाट, करंगळीखाली कागद सरकेना. मग मी हात उलटा केला, पाचही बोटं उघडली आणि त्यांच्यासमोर धरला. रिकामा. ठमे, बाईंनी चष्मा काढला आणि त्या हाताकडे नुसत्या बघत राहिल्या. एवढं मोठं टाळ्यांचं सभागृह मी कधी पाहिलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

याच हाताने तुला भरभरून आशीर्वाद.
तुझा,
दादा

ता. क. अक्षर बरं आलंय ना? पेन बाईंचं आहे. त्यांची नजर पहिल्यांदाच उजव्या हातावर खिळली होती आणि डावा मोकळाच होता. उद्या परत करतो, ओरडू नकोस.