परतीची रेघ

दाक्षायणी,

मीही मुलांबरोबर समुद्राला जातोय, रागावू नकोस. आठ दिवस तुझ्याशी न बोललेला तुझा नवरा, मडिवाळ, गाद्या, स्टोव्ह मांडलेली मॅटेडोर गाडी भाड्यानं आणतो, तेव्हाच मला शंका आली होती.

काल नीलाला नकाशा शिकवला. सोलापूर ते मालवण तिनं छान काढलं. "आणि परतीचा रस्ता?" विचारलं, तर म्हणाली, "अज्जा, अप्पा म्हणाले, तो नको काढू."

सकाळी गाडीतली गादी उचलून पाहिली. खाली दोन्ही नातवंडांचे शाळा सोडल्याचे दाखले! चार दिवसांच्या सहलीला ते कशाला?

मडिवाळला काही विचारलं नाही. दाखले तुझ्या ट्रंकेत, इरकल साडीखाली ठेवलेत. किल्ली कुणालाही देऊ नकोस. वाटेत नीलाकडून परतीची रेघ काढून घेतो.