सुईचं स्पिरिट

माननीय आबकारी निरीक्षक,

१४ नोव्हेंबर २००३, सकाळी सव्वाअकरा. चौबे कॉलोनीत माझ्या स्वयंपाकघरातली बाटली हुंगून तुम्ही म्हणालात, "माताजी, महुए की बास ही नहीं! ये तो सुई लगानेवाला स्पिरिट है." वर त्यातच रुमाल बुडवून चष्मा पुसलात आणि नमस्कार करून गेलात!

अहो, ती मोहाचीच दारू होती. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईनं पहिली विषारी धार फेकून तीनदा गाळलेली. वास उरला नाही, हीच तर माझी कमाई!

शेजारची लता हसून लोळली. "बाई, वाचलो ना! काहून रागावून राहिल्या?"

शनिवारी पाचपर्यंत लेखी कळवा, की दारू अव्वल होती. हे पत्र पेटीत टाकलं तर तुरुंगात जाईन, म्हणून टाकत नाही. उत्तर मात्र वेळेत हवं.

आपली अपमानित,
शर्मिष्ठा देवपुजारी