तलवाड्याच्या नापासाला मोरबीच्या नापासाचं पत्र

चि. शिवकन्या हिला वयानं मोठा म्हणून आशीर्वाद आणि शिक्षणानं लहान म्हणून नमस्कार. (दोन्ही ठेवून घे.) मी इकडं मजेत हाय. आईचा गुडघा, दादांचा खोकला आणि लंगड्या शेळीची तब्येत कळवावी. निकालापासून तू फोन उचलीना, म्हणून हे लिहिणं.

दहावीला गणितात गेलीस, आता फेरपरीक्षेचा फॉर्म भरणार न्हाई, शेळ्यामागं जाणार म्हणालीस म्हणं. दादा लगेच हो म्हणले. (शेळ्यांना कुणी विचारलं?) पत्र पोचंपर्यंत फॉर्मला आठ दिवस उरतील, तवर माझं ऐक. इथं टाइल्सच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट असती. पुढं लोखंडाचे दोन दात, त्यावर खोक्यांची थप्पी उचलायची. हमालीतून सुटायचं तर तिची ट्रायल द्यावी लागती. पहिल्या ट्रायलला मी अकरा खोकी फोडली. दुसरीला एकबी फोडलं न्हाई, फक्त सुपरवायजरची खुर्ची उचलून माळ्यावर ठेवली. (तो तिच्यात नव्हता, वैजनाथाची कृपा.) दोन दिवस जेवलो न्हाई. फरशीच्या उताराला शिव्या दिल्या, सुपरवायजरच्या नशिबालाबी दिल्या. मग ध्यानात आलं, उतार आपल्या हातात न्हाई, पण दात किती उचलायचे ते हाय. त्यात परळीचे आप्पाराव, इथले जुने ऑपरेटर, म्हणले, "थप्पीनं समोरचं दिसंना, तर काहून पुढं रेटतो बे? मान मागं वळव आन् उलटी चालव." तिसऱ्या ट्रायलला अख्खी थप्पी उलटी नेली. एक खोकं हाललं न्हाई.

तूबी तसंच कर. पेपर काढणारा आपला न्हाई, तपासणारा न्हाई. पण एका प्रमेयावर तासभर अडून बसायचं का येणारी गणितं आधी उरकायची, हे तुझं तुझ्याकडं. रोज दोनच गणितं सोडव, पण रोज.

तुझा भाऊ,
सिदू

ता. क. ट्रायल पास झालो हे खरं, पण गाडी अजून दिली न्हाई. दहावीचं सर्टिफिकेट लागतं म्हणले. (आधी सांगितलं असतं तर अकरा खोकी वाचली असती.)

आणखी एक. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार हाय. माझा पाचवीचा दाखला शाळेतून तू काढ, आणि गणितबी तूच शिकव. पहिल्या झटक्यात पास झालेल्याला काय ठाव, माणूस कुठं अडतं ते? जुलैत तू पास झालीस तर मला मास्तरीण मिळाली. न्हाई झालीस तर मार्चात दोघं सोबत बसू. पण तू फॉर्मच भरला न्हाईस तर मी एकटा जाणार न्हाई. मला त्या परीक्षेच्या हॉलचं लई भ्या वाटतं.