बॉबिनचे केस

४ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. डोळ्यांना आता बरं आहे, पण गुडघा अजून दुखतो आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो, हे कळलं. माझं म्हणाल तर सगळं ठीक आहे. जेवते, झोपते, वाचनालयातून पुस्तकं आणते. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. त्यांचा लहानगा दिवसभर चेंडू आपटतो. बाकीचे तक्रार करतात, मी करत नाही. डोक्यावर कुणीतरी आहे असं वाटतं.

बाजाराच्या कोपऱ्यावरचा रफूवाला यांची मशीन मागतो आहे, हे मी तुम्हाला कळवलं होतं. ती तुमच्या वडिलांची. तुम्ही दोघं बहीणभाऊ तिच्यावरच शिवायला शिकलात. तुम्ही एकदा येऊन पाहिल्याशिवाय मी ती हलवणार नाही, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुमची एक ओळ: घरात मांजर आहे तोवर माझं येणं होणार नाही.

तुमचं खरं आहे. मागे तुम्ही आलात तेव्हा श्वास कोंडला आणि तुम्हाला इथूनच दवाखान्यात न्यावं लागलं, ते मी विसरले नाही. जिन्यात तुम्ही यांना म्हणालात, "तू मांजर ठेव, मी येत नाही." त्यानंतर तुम्ही दोघं फोनवरच भेटत राहिलात. यांच्या शेवटच्या दिवसांत इस्पितळात आलात, पण घरी नाही.

म्हणून मी ठरवलं, बॉबिनचे केस ताब्यात आणायचे.

तुम्हाला हसू येईल, पण हे काम मला येत नाही. बॉबिन पांढरी, लांब केसांची, आणि शिंप्याच्या घरात पांढरा केस म्हणजे वैरी. काळ्या कोटावर एक जरी दिसला तरी गिऱ्हाईक तो चिमटीत धरून यांच्या नाकासमोर नाचवायचं. त्यामुळे हे पुढच्या खोलीतल्या दुकानाचं दार उघडण्याआधी मांडीवर काळ्या अस्तराचा तुकडा पसरायचे आणि तिला विंचरायचे. मी ओट्यापाशी उभी राहून पाहायची. पाहून काम येतं अशी माझी समजूत होती.

हे गेल्यावर ती जास्तच झडायला लागली. चहात केस, उशीवर केस, यांच्या फोटोच्या काचेवर केस. तिथवर ते कसे चढतात कोण जाणे. मी कपड्याचा ब्रश घेतला आणि तुमच्या भावाने मला शिकवलं होतं तसं, कापडाची लव बसेल त्याच दिशेने फिरवत राहिले. मांजर अशी झकास दिसायला लागली की विचारू नका. मग एक दिवस तिच्या काखेत हात गेला, तर आत दाबलेल्या लोकरीसारखे गठ्ठे. चांगलं कापड उलट्या बाजूने घासायचं नसतं, हे मी इतकी वर्षं घोकलेलं. मांजर कापड नाही, हे कळायला पुस्तक आणावं लागलं. मेलेला केस आतच अडकून राहतो. आधी रुंद दातांच्या कंगव्याने हलकेच उलटा उचलायचा, मग सुलटा, मग ब्रश. गठ्ठा दिसला तर बोटांनी सोडवायचा. कात्री अजिबात लावायची नाही, तिथली कातडी कागदासारखी असते. मी हे वाचलं तेव्हा मोठी कात्री माझ्या हातातच होती.

आणखी एक गंमत. ती माझ्या मांडीवर बसेचना. अस्तर पसरलं, तरी नाही. शेवटी यांची टेप गळ्यात घातली आणि बसले, तर आली आपली मुकाट्याने. तेवढ्यात मीटर पाहायला आलेला माणूस दारातून डोकावला आणि म्हणाला, "बरं झालं काकू, दुकान उघडलंत. माझी पँट जरा आखूड करून हवी होती." आता त्याला काय सांगणार. करून दिली.

तुमच्या उत्तराची वाट पाहते. कार्ड चालेल, पण थोडं भरून लिहा.

तुमची भावजय


५ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही खरंच भरून लिहिलंत. दोनदा वाचलं. दम्याच्या माणसाला कंगवे मोजून दाखवू नकोस, असं तुम्ही लिहिलंय, ते लागलं, पण रास्त आहे.

तरी सांगते. आता रोज विंचरणं होतं. थोडाच वेळ, शेपूट आपटायला लागली की थांबायचं. डोक्यापासून सुरुवात, पोटाला सगळ्यात शेवटी, तेही तिची मर्जी असेल तर. फरशी झाडूने झाडणं बंद केलंय, झाडूने केस उडतात. ओल्या फडक्याने पुसते. गादीच्या खोळीवरून ओला रबरी हातमोजा फिरवला की केसांची वळकटी होऊन हातात येते. पहिल्या आठवड्यात निघालेल्या केसांची उशी झाली असती. आता चहा स्वच्छ असतो.

मधे मी तिला आंघोळही घातली. त्याबद्दल लिहीत नाही. माझ्या हातावरचे ओरखडे आता सुकलेत.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहते, तिने मला एक गोष्ट सांगितली आणि मग मी ती पुस्तकातही शोधली. तुम्हाला त्रास होतो तो केसांनी नाही. मांजर अंग चाटते, ती लाळ वाळते, तिची पूड होते, ती हवेत जाते. केस नुसते हमाल. त्यामुळे विंचरून झालं की मी तिला ओल्या मऊ कापडाने पुसूनही घेते. तुम्ही येण्याआधी एक गोळी घेतलीत, आणि बॉबिन आदल्या दिवसापासून नर्सकडे राहिली, तर दोन तास निघायला हरकत नाही असं ती म्हणते. नर्स स्वतः त्या दिवशी घरीच असेल, खाली.

ही नर्स तोंडाची तिखट आहे. परवा मी बॉबिनला घेऊन बसले होते. नर्स दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "काकू, मांजरीच्या केसांतून रोज कंगवा फिरवता. स्वतःच्या केसांना शेवटचा कधी लावलात?"

मी हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर आरशापुढे उभी राहिले. मानेवर, अंबाड्याखाली, बोट शिरेना. कधीपासून तसं होतं ते खरंच आठवत नाही. कुणी येणार नसलं की माणूस वरवरचा हात फिरवतो. ते सोडवायला मला दोन दिवस लागले. कात्री लावली नाही.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला दुसरीकडून कळायला नको. नर्सच्या भावाचं घर मोठं आहे, मागे अंगण आहे, त्याला मांजर हवी होती. मी हो म्हणून बसले. म्हटलं, मांजर गेली की तुमची अडचण संपली. तो टोपली घेऊन आला. भला माणूस, टोपलीत जुना स्वेटर अंथरून आणला होता. बॉबिन स्वतःच आत जाऊन बसली. मला वाटलं होतं ती ओरडेल, मग मला नाही म्हणता येईल. ती शहाण्यासारखी बसून राहिली आणि मी त्याला चहा दिला, दुसरा चहा दिला, आणि टोपलीचं झाकण लावायची वेळ आली तेव्हा तिसरा ठेवायला उठले. त्याने माझ्याकडे पाहिलं, तिला उचलून खाली ठेवलं आणि म्हणाला, "असू द्या काकू. चहा छान होता."

तेव्हा वन्सं, मांजर आहे आणि राहणार. संध्याकाळी किल्ली लावून आत येते तेव्हा या घरात हलणारं दुसरं काही नाही. तुम्हाला राग येईल. येऊ दे. पण मशीनसाठी म्हणून, दोन तासांसाठी, एकदा या. रिक्षा दारापर्यंत येते. जिन्याला मी हात देईन.

जमेल का, एवढंच कळवा.

तुमची भावजय


२९ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

नीट पोचल्याचा तुमचा निरोप नर्सच्या फोनवर मिळाला. आपला फोन यांच्यामागे मी बंदच करून टाकलाय. रात्री त्रास झाला नाही, फवाराही घ्यावा लागला नाही, हे ऐकून बरं वाटलं. गुडघ्याला शेक देत जा.

तुम्ही आलात, त्याबद्दल आभार मानले तर तुम्ही चिडाल, म्हणून मानत नाही.

रफूवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं. तुम्ही जाताना म्हणालात, देऊन टाक, अडगळ कशाला. तुमचं ऐकायचं ठरवलं होतं मी. पण त्या दिवशी जे झालं त्याबद्दल आपण दोघीही काही बोललो नाही, आणि समोर बोलायला मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही खिडकीशी बसलात. चहा घेतलात. सोफ्याच्या हातावर बोट फिरवून पाहिलंत, मी पाहिलं ते. वरच्या पोराच्या चेंडूवर तुम्ही म्हणालात की हा मोठेपणी एक तर खेळाडू होईल नाही तर त्याची आई वेडी होईल, आणि आपण दोघी हसलो. या खोलीत किती दिवसांनी कुणी हसलं. तासभर तुमचा श्वास माझ्या श्वासापेक्षा बरा चालला होता. मग तुम्ही मशीनवरचं कापड बाजूला केलंत, स्टुलावर बसलात, चाकाला हात लावलात आणि पायपट्टी दाबली. तिच्यात दोरा नव्हता, कापड नव्हतं. नुसती चालू लागली. आणि तुमचा श्वास अडकला.

मी धावत आले. तुम्ही तोंडाला पदर लावून म्हणालात, "केस आहेत गं अजून. म्हटलं नव्हतं?"

मी मान हलवली. ओलं फडकं आणलं आणि मशीन पुसली. चाक पुसलं, पट्टी पुसली, खालची जाळीसुद्धा पुसली. तुम्ही उठून जिन्याकडे निघालात आणि मी तुम्हाला हात दिला. तुम्हाला रिक्षात बसवून वर आले आणि ते फडकं उजेडात धरलं. एकही केस नव्हता, वन्सं. आदल्या दिवशी मी ती मशीन तीनदा पुसली होती.

नर्सने संध्याकाळी विचारलं, छातीत शिट्टी वाजत होती का? म्हटलं, नाही. तिने बॉबिनला माझ्या हातात दिलं आणि ती खाली गेली.

तुमचा श्वास अडकला तेव्हाचा तो आवाज मला ओळखीचा आहे. मीही तोच काढते, न्हाणीघरात, नळ सोडून. वरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्हाला तिथे नळ नव्हता, केस होते. मला त्याचं काहीही वाईट वाटलं नाही. तुम्ही निघून गेलात, याचं मात्र वाटलं. त्या वेळी या खोलीत आपण दोघी एकाच कारणाने उभ्या होतो, आणि मी फडकं फिरवत बसले.

आता एक सांगते, जे मी आधीच्या दोन्ही पत्रांत मुद्दाम लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर तुम्हाला यावंच लागलं असतं, आणि तसं आलेलं मला नको होतं. आता तुम्ही येऊन गेलात, तर चालेल.

डोळे अधू झाल्यावर यांनी काम बंद केलं. काळे कोट गेले, गिऱ्हाइकं गेली. तरी बॉबिनला विंचरणं थांबलं नाही. इतर दिवशी थोडक्यात आटपायचे. रविवारी मात्र पंख्याच्या पात्यांपासून गादीच्या शिवणीपर्यंत सगळं पुसून काढायचे, मांजरीला घासूनपुसून गॅलरीत बसवायचे, आणि मग तुम्हाला फोन लावायचे. मी एकदा चिडून विचारलं, कोण येणार आहे असं? तर म्हणाले, "ती कधीतरी म्हणेल, आज येते. त्या दिवशी धावपळ नको." तुमच्याशी फोनवर ते गुडघ्याचं, हवेचं, भाजीच्या भावाचं बोलायचे. ये असं कधी म्हणाले नाहीत. तुम्हीही कधी येते म्हणाला नाहीत. दोघंही एकाच कापडाचे. फोन ठेवला की बॉबिन आत यायची.

त्या वेळी मला हे खूळ वाटायचं. मी यांची चेष्टाही केली. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुमचा दमा खरा आहे, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. तुमची कुणी वाट पाहत होतं, एवढं तुम्हाला माहीत असावं.

इथे सगळे मला भेटतात ते म्हातारे शिंपी गेले म्हणून. चांगले होते, शिलाई पक्की होती, असं म्हणतात. ते मला माहीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या कपाळावर जुन्या जखमेची खूण होती, पण ती कशाने झाली हे दर वेळी ते वेगळंच सांगायचे. पायपट्टीला पाय पुरत नव्हता तेव्हा मशीन कशी चालवायचे, रुसले की कुठे जाऊन बसायचे, तुमच्या वडिलांचा मार कोण खायचं, हे विचारायला आता तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही त्या दिवशी काहीतरी सांगणार होतात. चाकावर हात ठेवून तुम्ही "हा ना..." एवढं म्हणालात आणि मग श्वास गेला.

पुन्हा या. बॉबिन खालीच असेल, गाद्या पुसलेल्या असतील, गोळी घेऊन या. श्वास पुन्हा अडकला तर अडकू दे, मी फडकं आणणार नाही, शेजारी बसेन. ते मला लग्नानंतरचेच माहीत आहेत वन्सं. त्याआधीचे सगळे तुमच्याकडे राहिलेत. येताना त्यांना घेऊन या.

तुमच्या भावाच्या घरून,
तुमचीच