शिक्का बसेना

४ ऑक्टोबर

सांगून टाकलं एकदाचं! जेवताना. परदेशात मेडिकलला अर्ज करतेय, बाहेरच्या देशांतल्या मुलांसाठी पूर्ण स्कॉलरशिपच्या चारच जागा आहेत, तीस नोव्हेंबर शेवटची तारीख. सगळं एका दमात, ताटाकडे बघत.

आई म्हणाली, "चार? सगळ्या जगात मिळून?" आणि लगेच, "मग उरलेल्या तीन कुणाला?" ही माझी आई. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांना सुया टोचते आणि घरी येऊन माझी बाजू घेते.

बाबा म्हणाले, "बरं." उठून हात धुतले. बराच वेळ नळ चालू होता.

५ ऑक्टोबर

लागणाऱ्या कागदांची यादी काढली. सतरा! शिकायला मी जाणार आहे की कागद जाणार आहेत आणि मी त्यांच्या सोबतीला?

८ ऑक्टोबर

बाबांनी न सांगता माझी बारावीची मार्कशीट लॅमिनेट करून आणली!

यात नवल काही नाही. खाली आमचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे, आणि बाबांच्या हाताला लागलं ते प्लास्टिकमध्ये गेलं. गॅसचं कार्ड, आईच्या चष्म्याचा नंबर, पाच वर्षांची असताना मी काढलेला सहा पायांचा कुत्रा. आमच्या बाथरूममध्ये 'गीझर बंद करा' हीसुद्धा लॅमिनेट केलेली पाटी आहे. (गीझर तरी चालूच राहतो.)

"लांबचा प्रवास आहे," म्हणाले, "भिजायला नको." माझ्याकडे न बघता दिली. मला एकदम भरून आलं. त्या 'बरं'नंतर चार दिवस तोंडातून एक शब्द काढला नव्हता त्यांनी, मला वाटलं रागावलेत. पण हे असंच असतं त्यांचं. बोलायचं ते मशीनमधून काढतात.

१७ ऑक्टोबर

'मला डॉक्टर का व्हायचंय' – पाचशे शब्दांत. तीनदा लिहिलं. पहिल्या खेपेला मी संत वाटले, दुसऱ्यांदा विमा एजंट. तिसरं आईला दाखवलं. ती म्हणाली, "यात तू कुठेयस?"

मग खरं लिहिलं. आईच्या लॅबमध्ये सुट्टीत बसायचे, तेव्हा लोक रिपोर्ट उघडायचे आणि काही न कळून माझ्याकडे बघायचे. दहा वर्षांच्या पोरीकडे! मला तेव्हाही राग यायचा की यांना कुणी नीट समजावून का सांगत नाही. एवढंच आहे कारण. तीनशे बारा शब्द झाले. होऊ देत.

बायोलॉजीच्या मॅडमनी शिफारसपत्र दिलं. बंद पाकिटात, वर सही. आत काय आहे ते त्यांनाच ठाऊक. देताना म्हणाल्या, "तू वर्गात किती बोलतेस ते जरा सभ्य भाषेत लिहिलंय."

२ नोव्हेंबर

संपलं सगळं.

मार्कशीटवर सरकारी शिक्का लागतो, त्याशिवाय ती तिकडे चालत नाही. सकाळी आठला रांगेत उभी राहिले, साडेअकराला खिडकी. आत एक जाडजूड साहेब, पुढ्यात सहा शिक्के. मार्कशीट हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली, शिळा मासा बघावा तशी.

"हे प्लास्टिक कुणी लावलं?"

"बाबांनी."

"यावर शिक्का बसत नाही." मी गयावया केली म्हणून त्यांनी मारून दाखवला. निळा, गोल, सुंदर. मग अंगठा फिरवला. पुसला गेला!

मी विचारलं, दुसरी मार्कशीट? "बोर्डाकडे अर्ज करा. सहा आठवडे." आज दोन तारीख. अर्ज तीसला बंद. हे गणित मला रांगेतल्या मागच्या माणसानेही करून सांगितलं, मी न विचारता.

दुकानात येऊन रडले. गिऱ्हाइकांसमोर. बाबांनी मशीन बंद केलं. "लक्षातच आलं नाही गं माझ्या," एवढंच म्हणाले. संध्याकाळी आई कडाडली, "वीस वर्षं हाच धंदा करताय, आणि पोरीच्या वेळेलाच लक्षात येऊ नये?" बाबा उठून खाली दुकानात गेले.

३ नोव्हेंबर

बाबांशी अबोला. मीठ हवं होतं तेही आईमार्फत मागितलं.

६ नोव्हेंबर

बाबांचं काहीतरी चाललंय. दुकानाचं शटर दुपारी अर्धं खाली. वाकून आत गेले तर जमिनीवर प्लास्टिकच्या साली! आईचा केस वाळवायचा ड्रायर, पातळ ब्लेड, आणि घरातली एकेक लॅमिनेट केलेली वस्तू सोलून ठेवलेली. गॅसचं कार्ड फाटलंय. माझ्या कुत्र्याचे दोन पाय गेले. (आता चारच उरले, म्हणजे सुधारणाच.)

"सराव करतोय," म्हणाले. "तुझ्या कागदाला हात लावायच्या आधी हात बसायला हवा."

त्या ढिगात एक पिवळी पडलेली मार्कशीट होती. बाबांची, बारावीची! सोलताना कोपरा निघून गेलेला, पण आकडे शाबूत. बायोलॉजी – शंभरपैकी छत्तीस. आणि मला ब्याऐंशी पडले तेव्हा हेच म्हणाले होते, "बाकीचे अठरा कुठे सांडलेस?"

मी हसायला लागले. तेही लागले. अबोला संपला, काय करणार! छत्तीसवाल्याशी किती दिवस न बोलणार?

८ नोव्हेंबर, रविवार

निघाली!!

जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन. बाबा सर्जन, आईच्या हातात लॅबमधला चिमटा, मी नुसतीच टेबलाची कड धरून. ड्रायरची गरम हवा, कोपऱ्यात ब्लेडचं टोक, आणि मग केसाएवढं केसाएवढं ओढत. चाळीस मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. बाबांच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळला, तो आईने कागदावर पडायच्या आत टिपला.

अक्षर न् अक्षर शाबूत. मला वाटलं होतं अर्धी शाई प्लास्टिकबरोबर जाईल. बाबा पालथा हात कपाळावर फिरवत म्हणाले, "मशीन नीट तापलं नव्हतं त्या दिवशी. कच्चंच चिकटलं होतं." देवा, आयुष्यात एकदाच यांनी कच्चं काम केलं आणि ते माझ्या नशिबाला आलं!

१० नोव्हेंबर

शिक्का बसला. साहेबांनी स्वतः अंगठा फिरवून बघितला. मार्कशीट उजेडात धरून म्हणाले, "कुणी सोललं हे?" मी म्हटलं, "ज्यांनी लावलं त्यांनीच."

२३ नोव्हेंबर

सतराच्या सतरा कागद गेले. आता मी, नखं आणि वाट बघणं.

१४ जानेवारी

मुलाखत! व्हिडिओवर. घरात नेट मध्येच मान टाकतं, म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत, कागदांच्या रिमांमध्ये बसून. वरून मुलाखतीचा शर्ट, खाली घरातली पँट. खोलीच्या दाराला लावलेल्या पडद्यापलीकडे बाबा झेरॉक्स मशीन बंद ठेवून गिऱ्हाइकांना "श्श" करत होते.

समोर तिघं. हृदय, किडनी, माझी शाळा, सगळं ठीक गेलं. मग मधल्या बाई म्हणाल्या, जवळच्या माणसाने चूक केली आणि त्याचा त्रास तुम्हाला झाला, असा प्रसंग सांगा. मी मार्कशीटची कथा सांगितली. सहा पायांच्या कुत्र्यासकट! तिघंही हसले. बाईंनी विचारलं, मग वडिलांना माफ कसं केलंत? मी म्हटलं, "माफ करायला चूक मुद्दाम थोडीच केली होती? आणि निस्तरलीही त्यांनीच."

बाहेर आले तर बाबा नव्हते. दुकान उघडं टाकून चहाला गेले होते. आजवर असं कधी केलं नव्हतं त्यांनी. त्यांनाच जास्त टेन्शन आलं असणार.

२२ मार्च

मिळाली. मिळाली. मिळाली! चारातली एक माझी!

आईने लॅबमधल्या सगळ्यांना सांगितलं, सुई टोचलेल्या पेशंटांनासुद्धा. बाबांनी पत्राची प्रिंट काढली. दोन्ही हातांनी धरून वाचलं, मग पुन्हा. मी म्हटलं, "करा आता लॅमिनेट!" ते म्हणाले, "नको. काही कागद मोकळेच बरे."

३ सप्टेंबर

उद्या निघायचं. बाबा बाजारात गेले होते, म्हणून दुपारी दुकानात मी बसले. परदेशात नर्स असलेली एक ताई झेरॉक्स काढायला आली, सुट्टीवर आली आहे म्हणे. "काका कुठायत? त्यांचे पाय धरायचेत. तीन वर्षांपूर्वी माझं सर्टिफिकेट लॅमिनेट करायला आणलं तर हाकलूनच दिलं होतं मला! म्हणाले, बाहेर जायचं असेल तर मूळ कागदाला प्लास्टिक लावू नकोस, शिक्का बसत नाही."

मी तिच्या झेरॉक्स काढल्या. पाच हव्या होत्या, नऊ काढल्या.

म्हणजे माहीत होतं. मला जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना. आणि तरी मशीन पुरतं तापू दिलं नाही.

संध्याकाळी बाबा आले. माझ्या बॅगेसाठी आकड्यांचं कुलूप आणलं होतं. पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "नंबर तुझा तू लाव. मला सांगू नकोस."

मी लावला. आणि त्यांना सांगितला.